मानेची गाठ, बसलेला आवाज, दुखणारा कान: डॉक्टर नेमकं काय तपासतात?

पुण्यातल्या कुठल्याही कान-नाक-घशाच्या ओपीडीबाहेर तासभर बसलं, तर एक वाक्य हमखास कानावर पडतं: "दुखत नव्हतं ना डॉक्टर, म्हणून दाखवलं नाही." मानेवर लिंबाएवढी गाठ घेऊन आलेले काका हे म्हणतात, दोन महिने आवाज बसलेल्या शाळेतल्या बाई म्हणतात, जिभेच्या कडेला पांढरा चट्टा असलेल्या आजीही म्हणतात. त्याच रांगेत टॉन्सिल सुजलेला, प्रत्येक घोटाला तोंड वाकडं करणारा कॉलेजचा मुलगा बसलेला असतो. सगळ्यांत जास्त कळवळत तोच असतो, आणि आठवडाभरात बराही तोच होतो.

डोक्याच्या आणि मानेच्या तक्रारींत दुखण्याचा जोर आणि आजाराचा धोका यांचा मेळ फार कमी वेळा बसतो. जंतुसंसर्गात सूज झपाट्याने येते, त्वचा आणि नसा ताणल्या जातात, माणूस हैराण होतो. कर्करोगाची गाठ सावकाश वाढते आणि बरेच दिवस काहीच त्रास देत नाही. म्हणून "किती दुखतंय" याच्या आधी आम्हा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना तीन गोष्टी हव्या असतात: कधीपासून आहे, एकाच बाजूला आहे की दोन्हीकडे, आणि सोबत आणखी काय बदललंय. पेशंटला हे प्रश्न कधी कधी वेळकाढू वाटतात. पण हात लावायच्या आधी निदानाचा बराचसा रस्ता याच उत्तरांनी मोकळा होतो.

मानेला हात लावताना

मान तपासायला यंत्र लागत नाही. १८६७ साली सुरू झालेल्या ससून रुग्णालयात ती जशी तपासतात, तशीच पेठेतल्या एका खोलीच्या दवाखान्यातही तपासता येते. डॉक्टर बहुधा तुमच्या मागे उभे राहतात. वरची दोन बटणं उघडी, ओढणी किंवा मफलर बाजूला, हनुवटी किंचित खाली. मान ताठ ठेवली की स्नायू घट्ट होतात आणि त्यांच्याखालची गाठ बोटांना लागत नाही, म्हणून "मान सैल सोडा" असं दोन-तीनदा सांगावं लागतं. बोटं हनुवटीखालून सुरुवात करतात, जबड्याच्या कडेने कानापर्यंत जातात, कानाच्या पुढे आणि मागे चाचपतात, मग मानेच्या बाजूच्या तिरक्या जाड स्नायूच्या कडेने कॉलर बोनपर्यंत उतरतात. कॉलर बोनच्या वरच्या खळग्यात बोटं जरा जास्त वेळ थांबतात. शेवटी मानेची मागची बाजू.

गाठ लागली की बोटं तिचा स्वभाव ओळखतात. दाबल्यावर दुखणारी, मऊसर, त्वचा गरम असलेली गाठ संसर्गाकडे बोट दाखवते. दोन-तीन गाठी एकमेकींना चिकटून त्यांचा घोस झाला असेल, संध्याकाळी कसकस येत असेल, वजन उतरलं असेल, तर टीबी मनात येतो. रबरासारख्या, सुट्या सुट्या, अनेक ठिकाणी लागणाऱ्या गाठींत लिम्फोमाचा, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कर्करोगाचा, विचार करावा लागतो. आणि दगडासारखी टणक, जागची न हलणारी, न दुखणारी गाठ आम्हाला सगळ्यांत जास्त अस्वस्थ करते.

मग पाण्याचा घोट. ग्लासातलं पाणी तोंडात धरून ठेवायचं आणि "आता गिळा" म्हटलं की गिळायचं. थायरॉइड ग्रंथी श्वासनलिकेला बांधलेली असते, त्यामुळे तिच्यातली गाठ गिळताना वर सरकते आणि परत खाली येते. समोर मधोमध असलेली गाठ जीभ बाहेर काढल्यावरही वर जात असेल, तर ती बहुधा जन्मापासूनची रसोळी असते: गर्भात थायरॉइड जिभेच्या मुळाशी तयार होऊन गळ्यात उतरते, त्या उतरण्याच्या वाटेचा राहिलेला अवशेष. एक घोट पाणी आणि जीभ, एवढ्यावर दोन वेगळे आजार वेगळे करता येतात. मला ही तपासणी अजूनही फार सुंदर वाटते.

थायरॉइडबद्दल एक गैरसमज मात्र रोज खोडावा लागतो. "टीएसएच नॉर्मल आलाय, मग गाठीचं काही नाही ना?" रक्ततपासणी ग्रंथी किती काम करते ते सांगते, गाठ कसली आहे ते सांगत नाही. त्यासाठी सोनोग्राफी लागते, आणि तिच्यात गाठीचं रूप शंकास्पद दिसलं तर सुईची तपासणी. थायरॉइडच्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, पण ते तपासून ठरवायचं असतं.

गाठ कुठे आहे यावर मूळ कुठे शोधायचं ते ठरतं. जबड्याखाली असेल तर दात, हिरड्या, जीभ पाहायची. तिथेच जेवताना सूज वाढून तासाभराने ओसरत असेल, तर लाळग्रंथीच्या नळीत खडा अडकलेला असू शकतो. कानापुढे गाठ असेल तर तिथल्या लाळग्रंथीची असू शकते. गालगुंड त्याच ग्रंथीचं, पण त्यात ताप असतो आणि सूज दिवसांत येते, दिवसांत जाते. महिनोन्‌महिने राहणारी गाठ वेगळी, आणि तिच्यासोबत चेहरा त्या बाजूला लुळा पडत असेल तर थांबायचंच नाही. मानेच्या वरच्या बाजूला गाठ असेल तर घसा, टॉन्सिल, जिभेचं मूळ. लहान मुलांच्या मानेच्या मागे लागणाऱ्या शेंगदाण्याएवढ्या गाठींचं मूळ अनेकदा डोक्यातल्या उवा किंवा फोडांत सापडतं. अशा छोट्या, हलणाऱ्या गाठी मुलांत पुष्कळ दिसतात आणि बहुतेक वेळा त्यांच्यावर फक्त लक्ष ठेवायचं असतं. डाव्या कॉलर बोनच्या वर लागलेली टणक गाठ तर कधी कधी पोटातल्या आजाराची खबर देते, कारण शरीराच्या खालच्या भागातला लसिकारस (ऊतकांत झिरपलेला पातळ द्राव) तिथूनच रक्तात मिसळतो. म्हणूनच बोटं तिथे थांबतात, आणि म्हणूनच मान दाखवायला आलेल्या माणसाला "भूक कशी आहे, पोट फुगतं का" असं विचारलं जातं.

शल्यचिकित्सकांचा एक जुना ठोकताळा आहे: सात दिवसांची गाठ सुजेची, सात महिन्यांची अर्बुदाची (पेशींच्या अनियंत्रित वाढीची), सात वर्षांची जन्मजात. ठोकताळाच तो, पण मुदतीला किती महत्त्व आहे ते त्यातून कळतं. आमच्या रोजच्या कामात दोन-तीन आठवड्यांची रेघ उपयोगी पडते. मोठ्या माणसाच्या मानेतली गाठ त्यापेक्षा जास्त टिकली, विशेषतः चाळिशी उलटलेली आणि तंबाखूची सवय असेल, तर ती दुसरं काही सिद्ध होईपर्यंत कर्करोगाची धरूनच तपासायची. संसर्गाची चिन्हं स्पष्ट असतील तर अँटिबायोटिकचा एक कोर्स देणं ठीक. पण गाठ थोडी लहान झाली म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. ती पूर्ण गेली का, हे दोन आठवड्यांनी पुन्हा हात लावून पाहावं लागतं. आमचं पुष्कळ नुकसान होतं ते याच टप्प्यावर: पेशंट परत येत नाही, किंवा एका दवाखान्यातून दुसऱ्यात जाऊन तोच कोर्स तिसऱ्यांदा घेतो.

पुढची पायरी सुईची. बारीक सुईने गाठीतल्या पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या, ही एफएनएसी. इंजेक्शनच्या सुईहून ती फारशी जाड नसते, भूल लागत नाही, माणूस अर्ध्या तासात घरी जातो. "सुई टोचली की गाठ पसरते" ही भीती घराघरांत आहे आणि तिच्यामुळे लोक लाखमोलाचे महिने घालवतात. बारीक सुईने मानेची गाठ पसरण्याचा धोका नगण्य आहे. उलट न तपासता, मूळ न शोधता गाठ सरळ कापून काढणं घातक ठरू शकतं. मूळ आजार घशात असेल तर मानेत आधीच चिरा पडलेला असतो, ऊतक एकमेकांना चिकटलेलं असतं आणि नंतरची मोठी शस्त्रक्रिया अवघड होऊन बसते. त्यामुळे "एवढीशी गाठ आहे, काढून टाकू आणि मग पाहू" असं कुणी म्हटलं, तर "आधी घसा पाहिलात का? सुईची तपासणी करता येईल का?" हे दोन प्रश्न जरूर विचारा. टीबीची शंका असेल तर त्याच सुईच्या नमुन्यावर सीबीनॅट ही टीबीचे जंतू शोधणारी तपासणी होते, आणि टीबीची औषधं सरकारी कार्यक्रमातून मोफत मिळतात.

कान दुखतोय, पण कान चांगला आहे

कानात दुर्बिणीने पाहिलं, पडदा मोत्यासारखा स्वच्छ, आणि पेशंट मात्र शपथेवर सांगतो की ठणका कानातच आहे. तो खोटं बोलत नसतो. कानाला संवेदना पोचवणाऱ्या नसा दात, जबड्याचा सांधा, टॉन्सिल, जिभेचं मूळ आणि स्वरयंत्र यांनाही जातात. जुन्या वाड्यात दिंडी दरवाजाला सगळ्यांची मिळून एकच घंटा असावी आणि ती वाजली की पाहुणा कुठल्या बिऱ्हाडाकडे आलाय ते कळू नये, तसं मेंदूचं होतं.

म्हणून कान चांगला दिसला की तपासणी संपत नाही, सुरू होते. अक्कलदाढ किडलीय का? तोंड उघडताना जबड्याचा सांधा कटकट वाजतो का? रात्री दात खाण्याची सवय? बहुतेकांचं उत्तर इथेच सापडतं. पण तंबाखू खाणारा किंवा बिडी ओढणारा माणूस एकाच बाजूचा कान आठवडेच्या आठवडे दुखतोय म्हणून आला आणि कान निर्दोष निघाला, तर घशाच्या तळापर्यंत दुर्बीण घालून पाहिल्याशिवाय त्याला सोडू नये. गिळताना त्याच कानात कळ मारते असं तो म्हणाला, तर आणखीच. मोठ्या माणसाच्या एकाच कानाच्या पडद्यामागे सर्दीशिवाय पाणी साठून राहिलं असेल, तर नाकाच्या मागचा कोपराही पाहायला हवा. तिथल्या वाढीने कानाची नळी दाबली गेलेली असू शकते.

कानाच्या बाबतीत एक गोष्ट मला अगदी ठळकपणे सांगायची आहे. सकाळी उठल्यावर एका कानाला अचानक दडे बसले, ऐकू येईना. सर्दी असेल, मळ असेल म्हणून माणूस तेल घालतो, आठवडा जातो, मग दुसरा. ही तक्रार मळाचीही असू शकते आणि आतल्या कानाच्या नसेचीही. दोन्हींत कान सारखाच गच्च वाटतो. फरक सांगतो तो ५१२ हर्ट्‌झचा ध्वनिकाटा (ट्यूनिंग फोर्क): टेबलावर किंवा कोपरावर आपटून त्याचं बूड कपाळाच्या मधोमध टेकवायचं आणि विचारायचं, "आवाज कुठल्या कानात जास्त येतोय?" मळाने किंवा पडद्यामागच्या पाण्याने कान बंद असेल तर आवाज त्याच, बंद कानाकडे ओढला जातो. नस बिघडली असेल तर चांगल्या कानाकडे जातो. मिनिटभराचं काम. आवाज चांगल्या कानाकडे गेला तर त्याच दिवशी ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची मोजणी, करून स्टिरॉइडचा विचार करावा लागतो. पहिल्या काही दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत उपचार सुरू झाले तर ऐकू परत येण्याची शक्यता जास्त. त्यानंतर ती घसरत जाते.

ढोल-ताशा पथकांतली मुलंमुली गणपतीनंतर कानात शिट्टी वाजतेय म्हणून येतात. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास, ही सुरक्षिततेची सर्वसाधारण मर्यादा. त्याच्या वर प्रत्येक तीन डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो. पथकाच्या मधोमध उभं राहून ढोल बडवताना आपण त्या मर्यादेच्या कितीतरी पुढे असतो, आणि सराव तर आधी आठवडे चाललेला असतो. कानात बोळे घालून वाजवा. फोमचे बोळे स्वस्त मिळतात, ताल त्यांच्यातूनही नीट ऐकू येतो.

आवाज बसला, आणि बसलेलाच राहिला

सर्दी-खोकल्यात आवाज बसतो आणि आठ-दहा दिवसांत येतो. तीन आठवड्यांपुढे घोगरेपणा राहिला तर स्वरयंत्र डोळ्यांनी पाहायलाच हवं; ॲसिडिटीच्या गोळ्या देऊन महिनोन्‌महिने वाट पाहणं बरोबर नाही. १८५४ साली मॅन्युएल गार्सिया या गायन-शिक्षकाने दंतवैद्याचा छोटा आरसा आणि सूर्याचा उजेड वापरून स्वतःचं स्वरयंत्र पाहिलं. घशात आरसा धरून "ईऽऽऽ" म्हणायला लावण्याची पद्धत तिथून रुळली. आता नाकातून बारीक लवचीक दुर्बीण घालतात, स्क्रीनवर आवाज काढणाऱ्या दोन पांढऱ्या पट्ट्या उघडताना-मिटताना पेशंटलाही दिसतात.

शिक्षक, कीर्तनकार, गायक, कॉल सेंटरमध्ये काम करणारी मुलं यांच्या पट्ट्यांवर घट्ट्यांसारख्या गाठी दिसतात. त्यांना आवाजाची विश्रांती आणि स्पीच थेरपी लागते, शस्त्रक्रिया क्वचित. धूम्रपान करणाऱ्याच्या पट्टीवर खरखरीत वाढ दिसली तर बायोप्सी, म्हणजे तिथला छोटा तुकडा काढून तपासणं. आणि कधी पट्टी दिसायला स्वच्छ, पण एका बाजूची हलतच नाही. डाव्या पट्टीची नस छातीत उतरून महाधमनीला वळसा घालून परत वर येते. त्यामुळे आवाज बसल्याची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला छातीचा सीटी स्कॅन सांगितला जातो, आणि कधी आजार फुप्फुसात सापडतो. पेशंट चक्रावतो, त्याला त्या नसेची वाट कागदावर काढून दाखवावी, म्हणजे पटतं.

घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं, पण जेवण आरामात उतरतं आणि थुंकी गिळतानाच ते जाणवतं, ही तक्रार फार सामान्य आहे. बहुतेक वेळा तपासणीत काही निघत नाही, आणि "पाहिलंय, काही नाही" हेच औषध ठरतं. जेवण अडकायला लागलं, आधी पोळी-भाकरी आणि मग भातसुद्धा, तर मात्र ही तक्रार वेगळी.

तोंड उघडा, कवळी काढा

तोंडाची तपासणी म्हणजे "आऽऽ" करून टॉन्सिल बघणं, एवढ्यावर ती उरकली जाते, आणि हे मला मनापासून खटकतं. कवळी काढायला हवी. दोन चमच्यांनी गाल बाजूला करून दोन्ही गालांच्या आतली बाजू, जीभ टाळूला लावायला सांगून तिच्या खालची जागा, कापसाने जीभ धरून तिच्या दोन्ही कडा, आणि शेवटच्या दाढेच्या मागचा कोपरा पाहायला हवा. तंबाखूची गोळी जिथे धरली जाते ती जागा तर पेशंटलाच विचारावी. शंका असेल तिथे हातमोजा घालून एक बोट आत, दुसऱ्या हाताची बोटं हनुवटीखाली, आणि मधला भाग चाचपायचा.

महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२पासून बंदी आहे, तरी सुपारी-तंबाखूने आखडलेली तोंडं पाहायला मिळतातच. "मिसळ खाता येत नाही, तिखटाने आग होते" इथून सुरुवात होते. मग तोंड हळूहळू कमी उघडायला लागतं. स्वतःची तीन बोटं उभी धरून दातांच्या मध्ये जातात का, हे घरीही पाहता येतं. जात नसतील तर दाखवा. मशेरी लावणाऱ्या बायकांना "तंबाखू खाता का?" विचारलं तर त्या प्रामाणिकपणे नाही म्हणतात, कारण मशेरी म्हणजे दात घासणं अशीच त्यांची समजूत असते. म्हणून प्रश्न "मशेरी लावता का, दिवसातून किती वेळा?" असाच विचारावा लागतो.

तोंड येणं वेगळं. दुखणारे, दोन-चार छोटे फोड, दहा-बारा दिवसांत बरे होणारे, पुन्हा येणारे: त्रासदायक, पण साधे. एकच जखम, एकाच जागी, तीन आठवडे न भरणारी, कडा कडक: तिची बायोप्सी व्हायला हवी. टोकेरी दात लागून जखम झाल्यासारखं वाटत असेल तर दंतवैद्याकडून दाताचं टोक घासून घ्या, पण दोन आठवड्यांनी जखम भरली का ते पाहा.

चक्कर आणि मानेचा पट्टा

चक्कर म्हटलं की मानेचा एक्स-रे, एक्स-रेत झीज दिसली की स्पॉन्डिलायसिस, आणि मग पट्टा. पुण्यात हा क्रम घरोघरी पाठ आहे. चाळिशी-पन्नाशीनंतर मणक्याची झीज कुठलीही तक्रार नसलेल्या असंख्य लोकांच्या एक्स-रेत दिसते, म्हणून चक्करचं खापर तिच्यावर फोडता येत नाही. गरगरण्याची कारणं बहुतेक वेळा आतल्या कानात असतात.

ती ओळखायची किल्ली दोन प्रश्नांत आहे: कशाने सुरू होते, किती वेळ टिकते? अंथरुणात कूस बदलली, फळीवरचा डबा काढायला मान वर केली, आणि खोली गरगर फिरली. पण मिनिटभरात थांबली. हे वर्णन जवळपास निदानच आहे. आतल्या कानात कॅल्शियमचे सूक्ष्म कण एका ठरलेल्या जागी चिकटलेले असतात. ते सुटून अर्धवर्तुळाकार नळीत शिरले की डोकं हलवताना तिथला द्राव ढवळतात आणि मेंदूला फिरल्याचा खोटा निरोप जातो. १९५२ साली डिक्स आणि हॉलपाइक यांनी सांगितलेली तपासणी आजही तशीच करतात. पेशंटला पलंगावर बसवून डोकं एका बाजूला वळवायचं, आणि पटकन आडवं करून डोकं पलंगाच्या कडेखाली किंचित लोंबतं धरायचं. "डोळे मिटू नका, माझ्याकडे बघा." दोन-चार सेकंद काहीच होत नाही. मग बुबुळं एका लयीत फिरू लागतात, पेशंट डॉक्टरचा हात घट्ट पकडतो, आणि अर्ध्या-पाऊण मिनिटात सगळं शांत होतं. त्यानंतर डोकं ठरावीक क्रमाने वळवत कण परत जागेवर नेता येतात. ही युक्ती अमेरिकेतल्या डॉ. जॉन एप्ली यांची, १९९२ साली प्रसिद्ध झालेली. एक-दोन वेळा केली की बहुतेकांची चक्कर थांबते. वर्षभर गोळ्या घेतलेला माणूस पाच मिनिटांत पलंगावरून उतरून हसत चालतो, तेव्हा त्या गोळ्यांची गरज नव्हती याचं वाईट वाटतं.

तासन्‌तास गरगरणं, सोबत त्याच कानात आवाज आणि ऐकू कमी येणं, हे वेगळं दुखणं. उठून उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, त्यात बीपीच्या गोळ्या, पाणी कमी पिणं, हिमोग्लोबिन पाहायचं. आणि चक्करसोबत दोन-दोन दिसणं, जीभ जड होणं, घास नाकातून येणं, आधाराशिवाय उभंच राहता न येणं यातलं एकही असेल तर ते मेंदूचं. तिथे कानाच्या डॉक्टरकडे नाही, थेट मोठ्या रुग्णालयात न्यायचं.

सगळीच डोकेदुखी सायनसची नसते

कपाळ ठणकतं, नाक चोंदतं, म्हणजे सायनस, असं लोक ठरवूनच येतात. अर्धशिशीतही नाक चोंदतं, डोळ्यांतून पाणी येतं, कारण चेहऱ्याच्या त्याच नसेचं जाळं त्यात खवळतं. उजेड नको वाटतो का, मळमळतं का, काम सोडून अंधारात पडून राहावंसं वाटतं का, हे विचारलं की बऱ्याच जणांचा "सायनस" अर्धशिशी निघतो. खऱ्या सायनसच्या संसर्गात नाकातून घट्ट पिवळा-हिरवा स्राव, वास कमी होणं, आणि सर्दी दहा दिवसांपुढे रेंगाळणं किंवा बरी होता होता पुन्हा उलटणं असतं.

मधुमेह असलेल्यांसाठी एक आठवण. २०२१मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिसने (काळ्या बुरशीच्या आजाराने) महाराष्ट्रात किती जणांचे डोळे आणि जबडे गेले, ते आम्ही जवळून पाहिलंय. साखर वाढलेली असताना एका बाजूचा गाल बधिर होणं, डोळा सुजणं, नाकातून काळपट खपली येणं, दात अचानक हलायला लागणं, यात एक रात्रही घालवू नये.

डोकेदुखीत ताबडतोब हालचाल करायची ती अशी: क्षणात शिगेला पोचलेली, "आयुष्यात अशी कधी दुखली नव्हती" अशी, ताप आणि मान आखडणं, एकाच डोळ्याला लाली, दिव्याभोवती वलयं आणि उलट्या, ज्यात डोळ्याचा दाब वाढलेला असतो, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली नवी डोकेदुखी.

चेहरा वाकडा झाला तर कपाळ पाहा. भुवया वर करायला सांगा. वाकड्या बाजूच्या कपाळालाही आठ्या पडत नसतील तर बिघाड बहुधा चेहऱ्याच्या नसेत आहे, आणि तीन दिवसांच्या आत स्टिरॉइड सुरू झालं तर फायदा होतो. कपाळावर आठ्या नीट पडतात पण ओठ वाकडा, तर पक्षाघात समजून पळा. २०२५च्या सुरुवातीला पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात गुलेन-बारे सिंड्रोमचे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती नसांवरच हल्ला करते त्या आजाराचे, रुग्ण वाढले होते. त्या आजारात चेहरा दोन्ही बाजूंनी लुळा पडू शकतो, गिळणं अवघड होऊ शकतं, आणि सोबत पायांतली ताकद जात असते.

घोळणा फुटला तर बसवा, मान पुढे झुकवा, नाकाचा खालचा मऊ भाग दहा मिनिटं सलग चिमटीत धरा, तोंडाने श्वास घ्या. आडवं करू नका, मान मागे टाकू नका. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव येत असेल तर आत काहीतरी घातलेलं आहे असंच धरा. ती बटन बॅटरी असेल तर दोन तासांतही आतलं जळायला लागतं, सकाळची वाट पाहू नका. श्वास घेताना घशातून घरघर येणं, लाळ गळत राहणं, तोंड उघडता न येणं, जिभेखाली लाकडासारखी टणक सूज: १०८ला फोन करा.

तपासणीला जाताना

जुने रिपोर्ट तारखेच्या क्रमाने लावून न्या, आणि एफएनएसी किंवा बायोप्सी झालेली असेल तर नुसता कागद नव्हे, काचेच्या स्लाइड्स आणि ब्लॉकही (मेणात जपलेला ऊतकाचा तुकडा) प्रयोगशाळेकडून मागून घ्या. त्या दुसऱ्या डॉक्टरला पुन्हा वाचता येतात, परत सुई टोचावी लागत नाही. गाठ पहिल्यांदा हाताला कधी लागली ते घरी आठवून लिहून ठेवा. दाढी करताना, मंगळसूत्र घालताना, कुणाच्या लग्नातल्या फोटोत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर नाव सांगा, पण सुईच्या तपासणीसाठी ती स्वतःच्या मनाने बंद करू नका. बारीक सुईसाठी बहुतेक वेळा ती बंद करावी लागत नाही, आणि हृदयात स्टेंट असलेल्याने ती परस्पर थांबवणं सुईपेक्षा कितीतरी धोक्याचं आहे.